मागे ४३, पुढे १२, १३ की १४?

टायर बदलला आणि मोटरसायकलचा दमच गेला. इंजिन तेच, पेट्रोल तेच, बसणाराही तोच. फक्त मागचा गुळगुळीत झालेला १२०/८०-१८ काढून त्या जागी ११०/१००-१८ मापाचा बटण टायर, म्हणजे मातीत पकड घेणाऱ्या उंच ठोकळ्यांचा, चढवला होता. देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जाणारी एक घाटी आहे. आधी ती दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी का होईना, पण चढून व्हायची. आता निम्म्यावर गाडी धडधडून बसायला लागली.

कारण टायरवरच छापलेलं असतं, फक्त वाचायला हवं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची आहे त्याचा. १२० चे ८० टक्के म्हणजे ९६ मिलिमीटर. ११० चे १०० टक्के म्हणजे ११०. रिमच्या वरच्या बाजूला १४ वाढले, खालच्या बाजूला १४ वाढले. चाकाचा व्यास साधारण ६४९ वरून ६७७ मिलिमीटरवर गेला, म्हणजे सव्वाचार टक्के वाढला. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि तेवढाच भार इंजिनावर पडतो. चेन ज्या दातेरी चकत्यांवरून फिरते त्या स्प्रॉकेटला मी हातही लावला नव्हता, तरी मागचे जवळजवळ दोन दात कमी केल्यासारखं झालं होतं.

घाटी म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. डांबरी घाट नव्हे. जांभ्याचे उघडे दगड, मध्ये पावसानं खणलेले चर, दोन्हीकडे दगड रचून केलेले गडगे, आणि गाडी वळवायला जागा जेमतेम. आमच्या घाटीला दोन आखूड वळणं आहेत आणि दुसऱ्या वळणानंतर लगेच गुडघाभर उंचीचा दगडी टप्पा आहे. वळणात वेग मरतो आणि टप्प्यावर तो हवा असतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी किंचाळते, पुढचं चाक हवेत जायला बघतं, आणि टप्प्याच्या आधीच आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा संपतो. दुसऱ्यात टाकली की गुदमरते. मग दोन बोटं क्लचवर ठेवून, प्लेटा जाळत, कशीतरी वर. माझ्या इंजिनाचा खरा जोर साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे आहे. चारच्या खाली ते नुसतं आवाज करतं. टप्प्याशी दुसऱ्या गिअरमध्ये मी नेमका चारच्या खाली असायचो.

आमचे मेस्त्री हे सगळं ऐकून घेतात, पण बोलतात मोजकं. गाडी स्टँडला लावली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि विचारलं, "तुका गाडी धावाक व्हयी काय चढाक?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोनव एकदम गावाचां नाय." आणि खडू माझ्या हातात दिला. "आधी दात मोज."

दात मोजायचे म्हणजे एका दातावर खडूची खूण करून चाक फिरवत जायचं. मागे ४० भरले. पुढचं कव्हर काढल्यावर १३. चेन ४२८ नंबरची. हा नंबर चेनच्या कडीवरच कोरलेला असतो आणि त्यातला पहिला आकडा महत्त्वाचा: ४ नं सुरू होणाऱ्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, ५ नं सुरू होणाऱ्या, उदाहरणार्थ ५२०, चेनचं अंतर पाच अष्टमांश इंच. उरलेले दोन आकडे रुंदीचे. ४२८ ची चेन ५२० च्या स्प्रॉकेटवर बसणार नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचं स्प्रॉकेट फुकट मिळतंय म्हणून उचलायच्या आधी हा नंबर बघावा.

गणित शाळकरी आहे. मागचे दात भागिले पुढचे दात. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढचं स्प्रॉकेट तेवढ्या वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. हा आकडा वाढला की चढायला सोपं आणि वेग कमी; घटला की उलट. पुढचे दात कमी करा किंवा मागचे वाढवा, दिशा एकच. आणि पुढचा एक दात हा मागच्या तीन दातांच्या बरोबरीचा पडतो, कारण ४० मध्ये १३ तीन वेळा जातात. पुढे १३ चे १२ केले तर ८.३ टक्के फरक. मागे ४० चे ४३ केले तर ७.५ टक्के.

इथंच बहुतेक जण थांबतात आणि "पिकअपसाठी पुढे एक दात कमी" हा सल्ला घेऊन घरी जातात. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. स्प्रॉकेट बदलल्यानं पहिला, दुसरा, तिसरा या गिअरांचं आपसातलं अंतर तसूभरही बदलत नाही. ते अंतर गिअरबॉक्समध्ये ठरलेलं असतं. स्प्रॉकेट सगळे गिअर एकत्र वर किंवा खाली सरकवतं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली जी पोकळी मला घाटीच्या टप्प्यावर छळत होती, ती नाहीशी होणार नव्हती. फक्त दुसऱ्या कुठल्या तरी वेगावर जाणार होती. मग प्रश्न गाडीला किती ताकद हवी हा उरत नाही. ज्या वाटेनं मी सगळ्यात जास्त जातो, तिथल्या सगळ्यात अवघड जागी मी कुठल्या वेगात असतो, आणि त्या वेगाला कुठला गिअर भरलेला हवा, एवढंच बघायचं. एकदा हे डोक्यात बसल्यावर माझं काम घाटीच्या त्या एका टप्प्यापुरतं उरलं: दुसऱ्या गिअरमध्ये, वळणातून बाहेर पडताना, काटा चारच्या बराच वर हवा.

पहिल्यांदा स्वस्तातला उपाय. पुढचं १२ दातांचं स्प्रॉकेट सहज मिळतं आणि बसवायला काही लागत नाही. कव्हर काढायचं, दहा नंबरच्या पान्याचे दोन बोल्ट सोडायचे, आतली चकती थोडी फिरवली की ती शाफ्टच्या खाचांतून बाहेर येते आणि तिच्यामागून स्प्रॉकेट. मागच्या चाकाचा नट ढिला करून चेन सैल केलेली असली की झालं. कव्हरच्या आत जो लाल माती आणि जुन्या ऑईलचा काळा लगदा साचलेला असतो, तो काढण्यातच जास्त वेळ जातो. मेस्त्रींनी तो स्क्रूड्रायव्हरनं खरवडून कागदावर घेतला. मूठभर निघाला.

१२ वर घाटी एकदम शहाणी झाली. वळणातून दुसऱ्यातच बाहेर पडलो, टप्प्याला थ्रॉटल दिला आणि मागचं चाक वर आलं, क्लचला बोट न लावता. ४० भागिले १२ म्हणजे ३.३३, टायरनं खाल्लेलं परत मिळालं होतं आणि वर आणखी थोडं.

पण १२ ला दोन गोष्टी चिकटून येतात. एक, रस्त्यावर गाडी ओरडते. बागेतून कणकवलीला जायचं म्हणजे थोडा आतला रस्ता आणि मग मुंबई-गोवा महामार्ग. आधी ज्या वेगाला काटा ५००० वर असायचा, त्याच वेगाला तो आता ५४०० च्या वर. बाजारात जाऊन परत येईपर्यंत हातांना मुंग्या. दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. १२ दातांवर चेनची प्रत्येक कडी ३० अंशांत वळते, १३ वर पावणेअठ्ठावीस. स्प्रॉकेटचा घेर लहान झाल्यामुळे चेन दोन मिलिमीटर खाली उतरते आणि मागचं चाक धरून ठेवणाऱ्या फोर्कवर जी प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर घासायला लागते. शिवाय तेवढाच जोर लहान घेरावरून द्यायचा म्हणजे चेनवर ताण जास्त. धुळीत काही काळ चालवल्यावर पट्टीत बोट बसेल अशी खाच पडलेली दिसली. पट्टी संपली की त्याच्याखाली थेट लोखंड.

म्हणून मागे वळलो, मागच्या स्प्रॉकेटकडे.

संध्याकाळी अंगणात वहीवर आकडे मांडत बसलो. मागे ४२ केलं तर ४२ भागिले १३, ३.२३; टायरचं नुकसान भरून निघतं, वर फारसं काही नाही. ४५ केलं तर ३.४६, घाटीला उत्तम, रस्त्याला नको. ४३ भागिले १३, ३.३१. १२/४० च्या अगदी जवळ, आणि पुढचं स्प्रॉकेट कंपनीचंच. मग सहज म्हणून १४ नं भागून बघितलं. ४३ भागिले १४ म्हणजे ३.०७. कंपनीचं मूळ ३.०८! आणि १२ नं भागलं तर ३.५८, म्हणजे चिरेखाणीतल्या उभ्या चढासाठी. मागे एकदा ४३ बसवलं की पुढचे तीन छोटे तुकडे बदलून तीन वेगळ्या गाड्या मिळणार होत्या: १४ वर रस्त्याची, १३ वर घाटीची, १२ वर खाणीची. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त, वजनाला हलकं, पिशवीत राहतं. मागचं बदलायचं म्हणजे चाक उतरवणं आलं.

४३ चा आणखी एक गुण. ही मूळ संख्या आहे, १२, १३, १४ पैकी कशाशीच तिचा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पुढचा ठरावीक दात मागच्या ठरावीक दातांनाच परत परत भेटत नाही आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. १२ आणि ४२ च्या जोडीत तसं होत नाही. हा फायदा फार मोठा आहे असं मी म्हणणार नाही, मातीत चालणाऱ्या गाडीत धूळच आधी सगळं खाते. पण फुकट मिळतोय तर का सोडा.

अडचण एकच, माझ्या गाडीला ४३ तयार मिळेना. ४२ होतं, ४५ होतं. एका दुकानदारानं "हेच ४३ समजा" म्हणून ४२ गळ्यात मारायचा प्रयत्न केला. दात मोजायची सवय लागलेली असल्यानं वाचलो. शेवटी जुनं स्प्रॉकेट पिशवीत घालून करूळ घाटातून कोल्हापूरला गेलो. शिवाजी उद्यमनगरात लोखंडाचं जे मागाल ते कापून मिळतं असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

तिथल्या कारखानदारानं स्प्रॉकेट हातात घेतलं आणि व्हर्नियर काढला. मधल्या भोकाचा व्यास, बोल्टांच्या समोरासमोरच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, जाडी. ४२८ च्या चेनला दाताची जाडी सात मिलिमीटरच्या आसपास लागते. त्याहून जाड झाली तर चेन बसत नाही आणि पातळ झाली तर चेन डुलते. बोल्टांच्या भोकांत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर स्प्रॉकेट वेडंवाकडं फिरतं आणि चेन एका ठिकाणी ताणते, दुसरीकडे लोंबते. तो हे सगळं बोलत बोलत पाठकोऱ्या कागदावर लिहीत होता.

"किती दातांचं?"

"४३."

"विचित्र आकडा घेतलायसा की." मग माझी वही बघितली, १४ खालचा आकडा बघितला आणि काही न बोलता मान हलवली.

ॲल्युमिनियमचं करू का, असंही त्यानं विचारलं. हलकं होतं, दिसतं छान. रेसवाले तेच घेतात, त्यांना वजन वाचवायचं असतं आणि स्प्रॉकेट लवकर झिजलं तरी चालतं. मला बागेत शेणखताची पोतीसुद्धा याच गाडीवरून न्यायची असतात. ईएन-८ जातीचं पोलाद, दातांना कडकपणा दिलेला, हे ठरलं.

घरी आल्यावर चेनचा हिशेब. मागे तीन दात वाढले की त्याच लांबीच्या चेनवर चाक पुढे ओढावं लागतं. अर्धा इंची चेनला दर चार दातांमागे साधारण एक पिच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तीन दातांना साडेनऊ-दहा. तेवढी जागा चाक मागेपुढे सरकवायच्या ॲडजस्टरमध्ये होती, पण बटण टायर आधीच १४ मिलिमीटरनं उंच. चाक दहा मिलिमीटर पुढे आणल्यावर टायरची बटणं फोर्कच्या आडव्या पट्टीला चाटायला लागली असती, आणि मध्ये चिखल अडकला की चाकच जाम. म्हणून १२६ कड्यांऐवजी १२८ ची चेन घेतली. चेन नेहमी दोन-दोन कड्यांनीच वाढते, एक बाहेरची आणि एक आतली अशी जोडी असते म्हणून. १२८ वर हिशेब असा जुळला की पुढे १४ असताना चाक कंपनीच्या जागीच राहतं, १३ लावलं की तीन मिलिमीटर मागे जातं, १२ ला सहा. तिन्ही स्प्रॉकेटं एकाच चेनवर बसतात, कडी तोडायची गरज नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्या खटाटोपातला सगळ्यात समाधानाचा भाग हा.

चेन लॉकची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेवायचं. उघडं टोक पुढे राहिलं तर गडग्याच्या एखाद्या दगडाला किंवा काटकीला अडकून क्लिप निघून जाते.

आणि चेनची ढिलाई. रस्त्याच्या गाडीला मधल्या स्टँडवर बोटानं दाबून बघितलं की भागतं. ट्रेल गाडीचं, म्हणजे अशा कच्च्या वाटांवरच्या गाडीचं, मागचं सस्पेन्शन खूप खालीवर होतं, आणि फोर्कचा मागचा भाग वर-खाली होताना चेनचा ताण बदलत राहतो. पुढचं स्प्रॉकेट, फोर्क जिच्यावर वर-खाली होतो ती खीळ आणि मागच्या चाकाचा ॲक्सल हे तिन्ही जेव्हा एका सरळ रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. तिथं ती थोडी तरी सैल हवी. नाहीतर गाडी टप्प्यावरून खाली आपटली की ताण थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर.

ती सरळ रेष आणायची म्हणजे गाडी दाबायला हवी. भाच्याला सीटवर बसवलं. गाडी जराशी बसली. मागे कॅरिअरवर त्याचा मित्र. आणखी थोडी.

"मामा, अजून येक जाण बोलवू काय?" भाचा विचारत होता आणि मी जमिनीला कान लावून ॲक्सलकडे बघत होतो. तिसरा मुलगा टाकीवर उलटा बसल्यावर तीनही मध्यबिंदू रेषेत आले. तिथं चेन बोटानं वरखाली करून बघितली, पुरेशी हलत होती. मुलं उतरल्यावर तीच चेन इतकी लोंबलेली दिसत होती की कोणीही म्हणेल ताणून घ्या. ताणायची नाही. मी त्या स्थितीत फोर्कच्या पट्टीपासून चेन किती खाली येते ते मोजून पट्टीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली. आता मुलांना बोलवावं लागत नाही.

फोर्कवरच्या ॲडजस्टरच्या खुणांवर मात्र विसंबू नये. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असूनही माझं चाक किंचित तिरकं होतं. खिळीपासून ॲक्सलपर्यंत दोन्हीकडे टेप लावून मोजलं, मग मागून चेनवर एक डोळा मिटून बघितलं. चेन सरळ मागच्या स्प्रॉकेटच्या मध्यावर उतरायला हवी.

१३/४३ वर घाटी १२/४० सारखीच निघाली, चेनचा खडखडाट कमी आणि प्लास्टिकच्या पट्टीवर नवीन खाच नाही. वर सड्यावर पोचल्यावर तिसरा आणि चौथा गिअर असे काही जुळतात की कातळावरून गाडी एका सुरात जाते. सडा म्हणजे मोकळं मैदान असं शहरातून आलेल्या मुलांना वाटतं आणि ती कुठूनही गाडी घालतात. आमच्याकडे तसं करू देत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीसह त्यांतल्या काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेल्या. अजून कुठल्या कातळावर मातीखाली काय आहे कोणाला ठाऊक. बटण टायरनं एकदा खरवडलं की ते परत येत नाही. बैलगाडीची जुनी वाट असेल तेवढ्याच वाटेनं जायचं.

१२ चं स्प्रॉकेट खाणीसाठी. ओळखीच्या माणसाची एक बंद पडलेली चिरेखाण आहे, त्याच्या परवानगीनं आम्ही तिथं जातो. चिरे काढून काढून खाली पायऱ्या-पायऱ्यांचा चौकोनी खड्डा, आणि ट्रक उतरायला केलेला एक उतार. तो उतार भुशीनं भरलेला असतो, जांभ्याची बारीक लाल भुकटी. त्यावर गती घेऊन चढायचं तर दुसऱ्यात सुरुवात करून वरपर्यंत दुसऱ्यातच राहायला हवं, मध्ये गिअर बदलला की संपलं. १३ वर वरच्या टोकाला दम सुटायचा. १२ वर सुटत नाही. मात्र तिथं पहिला गिअर निव्वळ शोभेचा उरतो. क्लच सोडला की लगेच दुसरा टाकावा लागतो. पावसाळ्यात या खाणी पाण्यानं भरतात आणि तळ दिसत नाही, तेव्हा तिकडे फिरकायचं नाही.

पावसानं एक गंमत दाखवली. माझा समज होता की चिखलात जास्त जोर हवा, म्हणून १२ बरं. जूनचे पहिले पाऊस पडून जांभ्यावर शेवाळ धरलं आणि घाटीत १३ वरसुद्धा मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. थ्रॉटल जरा दिला की चाक सुटतं, गाडी आडवी. जोर चाकाला पोचत होता, पण जमीन तो घेत नव्हती. तेव्हा १४ लावून बघितलं. दुसऱ्यात, आरपीएम मुद्दाम खाली ठेवून, जवळजवळ गुदमरण्याच्या बेतात, गाडी हळूहळू वर आली. उन्हाळ्यात ज्या गोष्टीनं छळलं होतं तीच पावसाळ्यात कामाला आली. आता आगोटीच्या सुमाराला १४ लागतं ते साधारण दसऱ्यापर्यंत. गणपतीत गावभर, नातेवाइकांकडे रस्त्यानंच फिरणं जास्त असतं, तेव्हाही १४ च सोयीचं.

पुळणीवर चालवायला कुठलं स्प्रॉकेट, हेही मला विचारतात. कुठलंच नाही. वाळूत गाडीला जोर लागतो हे खरं आणि १२ तिथं चालेलही, पण वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, आणि घरटं वाळूखाली कुठं आहे ते गाडीवरून दिसत नाही. ते सोडलं तरी खारी वाळू चेनला महिन्याचं काम एका दिवसात करून दाखवते.

खरं तर पुळणीवर न जाताही खारा वारा चेन सोडत नाही. पाण्यानं धुऊन तशीच ठेवलेली चेन सकाळी तांबूस झालेली असते. मी रॉकेलच्या फडक्यानं पुसतो, सुकू देतो आणि नव्वद नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडतो. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली, चेन असेल तर पेट्रोलनं धुऊ नये, रबर खराब होतं. ऑईल जास्त झालं की धूळ चिकटून धार लावायचा दगड तयार होतो, म्हणून वरचं पुसून टाकायचं. झीज बघायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी बाहेर ओढून बघतो. दात निम्म्याहून जास्त उघडा पडला की चेन संपली. आणि संपलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर चढवली की नवं स्प्रॉकेटही लवकरच तिच्या मापाचं होतं. तीन पुढची स्प्रॉकेटं एका चेनवर फिरवल्याचा एक तोटा इथं आहे: चेन सगळ्यांबरोबर झिजते, आणि जे कमी वापरलंय ते १२ तिला नवंच वाटतं. त्यामुळे नवी चेन येईल तेव्हा १३ पण नवं घ्यावं लागणार, हे धरून ठेवलंय.

माझं बघून मालवणच्या एका मित्रानं ४३ ची ऑर्डर देऊ का विचारलं. त्याची गाडी वेगळी, चेन ४२८ चीच. मी म्हटलं, आधी मला सांग, कुठल्या चढाला, कुठल्या गिअरमध्ये, किती आरपीएमवर अडकते. दोन दिवसांनी उत्तर आलं: "सगळीकडेच अडकते. आरपीएम वाढतो, गाडी वाढत नाही." म्हटलं, मग स्प्रॉकेट राहू दे, क्लच घसरत असेल, त्याच्या प्लेटा बघ. सध्या त्याची गाडी मेस्त्रींकडे उघडून पडली आहे.